चार बोटं ताना

"त्यांचा आवाजच आठवत नाही गं मले," आई म्हणाली. लसूण सोलता सोलता, डाळीत मीठ कमी पडलंय म्हणावं तशा सुरात. मी चहाचा कप घेऊन माझ्या खोलीकडे निघाले होते, साडेदहाची मीटिंग होती, आणि तोंडातून निघून गेलं, "कोणाचा?" मूर्खच मी. या घरात आता दोनच माणसं, ती आणि मी, मग 'त्यांचा' म्हणजे कोणाचा? आईने मान वर केली नाही. "खोकला आठवतो. जिना चढून आले की चप्पल आपटायचे, ते आठवतं. पण बोलले की कसे वाटायचे, ते काही कानात येत नाही. सकाळपासून बघून राहिली मी." मग लसणाची सालं पदरातून झटकून ती उठली आणि जाताना म्हणाली, "तुझ्या त्या डब्यात बोलायचे ना ते? चालतो का तो डबा अजून?" मी म्हटलं, बघते. 'बघते' म्हणजे आमच्या घरात 'नाही', हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मीटिंगमध्ये इंदूरची मंडळी काय बोलत होती देव जाणे. मी हो हो करत होते आणि नजर गोदरेजच्या कपाटावर होती. कपाटाच्या डोक्यावर, जुन्या ब्लँकेटखाली, तो डबा होता. माझा जुना लॅपटॉप. बाबा जाऊन पाच वर्षं झाली, आणि त्या पाच वर्षांत मी तो एकदाही उघडला नाही. धूळ पुसायलासुद्धा ब्लँकेटवरूनच फडकं फिरवायचे. लोकांना वाटतं, ही वैजयंती कॉम्प्युटरवाली, सिंधीपुऱ्यात बसून इंदूर-पुण्याची ॲपं बनवते, हिला कसली भीती? अहो, माहितगारालाच भीती जास्त. आत काय आहे आणि कोणतं बटण दाबलं की ते कायमचं जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. उघडलं नाही तोवर ते आत आहे, असं मी स्वतःला सांगत आले होते.

सांगते काय होतं ते. तेव्हा मी एक ॲप बनवत होते, बोलकी वही म्हणा. ज्यांना लिहिता येत नाही अशा शेतकऱ्यांनी बोलावं आणि फोनने ते जपून ठेवावं, एवढंच. ॲप तपासायला दर वेळी खरा फोन लागत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावरच एक खोटा फोन उभा करता येतो. एम्युलेटर म्हणतात त्याला. दिसायला फोन, वागायला फोन, पण हातात घ्यायला काही नाही. घड्याळ चालतं, बॅटरी कायम शंभर टक्के. त्याच्यात बोलायला मला कोणीतरी हवं होतं, आणि बाबा रिकामे होते. बाबा म्हणजे गिरधर जॉबर. चौतीस वर्षं मिलमध्ये मागांची दुरुस्ती केलेला माणूस. साठ मागांच्या खडखडाटात एका मागाचा धागा तुटला तर कानाने ओळखायचे. त्याच खडखडाटाने त्यांचे कान गेले, आणि कान गेले म्हणून आवाज वाढला. घरात 'पाणी दे' म्हणाले की समोरच्या घरातून माणूस डोकावायचा. रोज पाच वाजता अंघोळ केल्यासारखे स्वच्छ होऊन, केसांना पाणी लावून, ते माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायचे. "आला का माझा फोन?" त्यांना स्वतःचा मोबाइल नको होता. पडद्यावरचा तोच त्यांचा. "काय बोलू आज?" "काहीही बोला बाबा." आणि मग ते बोलायचे. मिलचा भोंगा, तापीचा पूर शनवारा चौकापर्यंत आला होता ते साल, केळीच्या घडाखाली कांबळं कसं अंथरतात, कोणत्या मागाला कोणतं नाव होतं. मागांना नावं होती, हो. एक 'सासू' होता, सारखा कुरकुरायचा.

मी काय करत होते? मी पडद्यावरची हिरवी पट्टी बघत होते. आवाज आला की ती उडते, थांबला की बसते. ती नीट उडते की नाही हे बघणं माझं काम. मी बाबांचा आवाज बघत होते, ऐकत नव्हते. आणि रोज नवी आवृत्ती टाकली की आदल्या दिवसाचं सगळं साफ. बाबांना माहीत होतं. "पुसलं का कालचं?" "पुसलं." "पूस, पूस. आज ताजं घे." भाजी विकणाऱ्यासारखे म्हणायचे. असे चाळीसेक दिवस तरी ते बोलले असतील, आणि त्यातलं एक अक्षर उरलं नाही. भाचीच्या साखरपुड्याच्या व्हिडिओत ते आहेत, पण मागे बँड आहे आणि ते फक्त ओठ हलवतात. मेल्या बँडवाल्यांना त्याच वेळी चेव यायचा होता.

उरलं असेल तर फक्त शेवटच्या दिवसाचं. त्या दिवशी बाबा रोजच्यासारखे बसले, आणि त्यांनी फार लांबण लावली. ताना जोडायचं सांगत होते. हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं. मागावरचे उभे धागे म्हणजे ताना. तो संपत आला की पूर्ण संपू द्यायचा नाही. चार बोटं उरला की माग थांबवायचा. नव्या तान्याचा एकेक धागा जुन्याच्या शेपटाला गाठ मारून जोडायचा. मग जुना ओढला की त्याच्यामागून नवा आपोआप फणीतून येतो. नवशिका काय करतो, कंटाळतो आणि जुनं कापून टाकतो. मग बस दोन दिवस हजार धागे पुन्हा भोकाभोकातून ओवत. "जुनं कापायचं नसतं, वैजू. चार बोटं राहू द्यायचं." साडेपाचला माझी मीटिंग होती, मला तयारी करायची होती आणि यांचा आवाज चढत चाललेला. मग ते जरा थांबले, घसा साफ केला आणि वेगळ्याच, ठेक्यातल्या आवाजात म्हणाले, "हजार धागे जोडले, तुटला नाही एक..." आणि पुन्हा थांबले. मला वाटलं, झालं, आता मिलमधली फुशारकी सुरू. मी ओरडले. काय ओरडले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. आणि ओरडून झाल्यावर त्या खोट्या फोनच्या खिडकीची फुली दाबली. रेकॉर्डिंग चालू असतानाच. "जतन करा" न दाबता. फुली दाबली की तो खोटा फोन आहे त्या अवस्थेत गोठतो, आणि पुन्हा उघडला की तिथूनच पुढे चालतो. बाबा स्टूल उचलून गेले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते आले नाहीत. मीही बोलावलं नाही, खरं सांगते. मला नवा फोन मिळाला होता तपासायला, नवा लॅपटॉपही आला, एम्युलेटरची गरज उरली नव्हती. आठ महिन्यांनी बाबाच गेले.

आणि तरी मला कळलं नव्हतं. ते कळलं आणखी दोन वर्षांनी, नात्यातल्या भूमिकाच्या लग्नात. नवरानवरी घरी आले, दारात नणदांनी अडवलं, नाव घ्या, नाव घ्या. तो पोरगा काहीतरी जुळवून म्हणाला, पहिली ओळ झाली आणि तो थांबला, दुसरी आठवायला. तेवढ्या थांबण्यात मला बाबांचं थांबणं आठवलं. 'तुटला नाही एक.' ती फुशारकी नव्हती. तो उखाणा होता! आईच्या लग्नात, सिंधीपुऱ्याच्या याच दारात, बाबांना बहिणींनी अडवलं होतं. आईने त्यांचं नाव झटकन घेतलं, निंबोल्याची पोर, तोंडाची तिखट. बाबा पाच मिनिटं उभे, कपाळावर घाम, एक शब्द फुटेना. शेवटी आजोबा आतून ओरडले, "जाऊ द्या रे त्याला, घेईल नंतर." ते नंतर कधी आलंच नाही. प्रत्येक हळदीकुंकवाला आई बायकांना सांगायची, "आमच्यात नाव घ्यायचं राहिलेलंय. माणूस दारातच अडकलाय." बायका हसायच्या, आणि बाबा खाली जाऊन स्कूटर पुसत बसायचे. उभ्या जन्मात त्यांनी तिला नावाने हाक मारली नाही. 'ऐकलं का' एवढंच, तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. तर त्या माणसाने चाळीस दिवस माझ्या फोनसमोर बसून बहुतेक तेवढ्यासाठी धीर गोळा केला होता, आणि मी फुली दाबली. हे मी आईला सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडाने सांगणार?

दुपारी जेवणं झाल्यावर मी ब्लँकेट काढलं. आई दारात उभी राहून बघत होती. "चालतो?" "माहीत नाही. आई, एक सांगते. एकदाच चालेल. गडबड झाली तर जाईल." तिने मान हलवली आणि शेजारी बसली. स्टूल ओढून. तेच स्टूल, पण तिला त्याचं काही नाही, आमच्यात स्टूल एकच आहे. चार्जर लावला तर काही नाही. बॅटरी मेलेली, आणि पिन ढिली. अमुक एका कोनात धरली की दिवा लागतो, सोडली की विझतो. "आण इकडे," आई म्हणाली. अंगठा आणि बोटात पिन पकडून तिने ती अशी धरली की दिवा लागला तो लागलाच. जन्मभर मागासाठी कांड्यांवर सूत भरलेली बोटं, ते सुटू न देणारी. "धरून राहिली मी. तू तुझं कर."

लॅपटॉप उठला तो वेड्यासारखा. तारीख दाखवली दहा वर्षांपूर्वीची. आत एक छोटा बटणासारखा सेल असतो, तो मेला की यंत्र आपल्या सवयी विसरतं, मात्र पोटातलं सामान तसंच राहतं. मी आधी वाय-फाय बंद केलं. नाहीतर मेलं स्वतःहून अपडेट व्हायला लागलं असतं, आणि जुन्या आवृत्तीतलं नव्या आवृत्तीला ओळखता आलं नसतं. मग तो खोटा फोन सुरू करायला गेले तर लाल अक्षरं. चालू होणार नाही. मी हात बांधून बसले. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. शेवटी विपुलला फोन लावला. विपुल माझ्याबरोबर काम करतो, इंदूरला असतो, पंचवीस वर्षांचा, आणि त्याला जगातल्या कशाचंच ओझं नाही. "अरे ताई, सिंपल है! वाइप डेटा मारा. सब साफ, फ्रेश होऊन जाईल." "साफ नाही करायचं रे." "मग कोल्ड बूट करा. जुनी स्टेट फेकून देईल, नव्याने उठेल." "तीच स्टेट हवीय मला." तो हसला. "एम्युलेटर की स्टेट कौन संभालता है, ताई? दुसरा बनवा ना, दोन मिनिटात होतो." मी म्हटलं, "बरं, ठेव." त्याची काय चूक? मीही त्याच्या वयात रोज पुसतच होते.

"काय म्हणून राहिला तो?" आईने विचारलं. "कापून टाक म्हणतो." आई म्हणाली, "कापायचं नाही." ती काही यंत्राबद्दल बोलत नव्हती, तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण बाबांच्या घरात पंचेचाळीस वर्षं काढलेली बाई दुसरं काय म्हणणार? आणि तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. सेल मेला, यंत्र सवयी विसरलं. एका यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र चालवायचं तर आधी परवानगी द्यावी लागते, खूप आत, निळ्या पडद्यावर. ती परवानगी मीच दिली होती कधीकाळी, ती पण विसरली गेली असणार. म्हणजे आतलं काही बिघडलेलं नव्हतं. फक्त दार लागलं होतं. मी लॅपटॉप पुन्हा सुरू केला, निळ्या पडद्यावर गेले, ती ओळ शोधली. 'बंद' लिहिलं होतं. 'चालू' केलं. चुकून दुसरंच काही दाबेन म्हणून उजव्या हाताने डावं मनगट धरलं. "आई, पिन?" "धरलीय."

या वेळी खिडकी उघडली. फोनचा आकार आला, आत काळं. बाजूच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहून आलं, 'ऑफलाइन'. एक मिनिट झालं. दोन झाली. पंखा घरघरायला लागला. कामाच्या दिवशी असतं तर मी तीस सेकंदांत मान मुरगळून पुन्हा सुरू केलं असतं, माझा स्वभावच तो. हात फुलीकडे गेलाही. "थांब की," आई म्हणाली. "जुनं आहे, जड उठणार. मी तरी कुठे पटकन उठते?" मी हात मांडीखाली घेतला. खाली केळीवाला ओरडत गेला. कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मला एकदम बाबांच्या केसांना लावलेल्या पाण्याचा वास आला, पाण्याला कुठे वास असतो, पण आला. आणि पडदा उजळला.

वर घड्याळात पाच सतरा. बॅटरी शंभर टक्के. मध्ये लाल ठिपका, आणि त्याखाली चार मिनिटं बारा सेकंद. मग तेरा. मग चौदा. ते रेकॉर्डिंग चालू होतं. साडेपाच वर्षांहून जास्त ते तिथेच, बारा सेकंदांवर थांबलं होतं, आणि आता काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघालं. मला रडू फुटलं. आई घाबरली. "गेलं का?" "नाही. आहे." "मग बोलत का नाहीत ते?" मी तिला समजावलं, अजून ऐकू येणार नाही, आधी 'जतन करा' दाबायचं, मग वाजेल. आणि हात बटणाकडे नेला. तेव्हा ती म्हणाली, "थांब. काय सांगत होते ते, बंद झालं तेव्हा?"

चार मिनिटं वीस. एकवीस. दाबून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं सगळं अंग ओरडत होतं. वीज गेली, पिन हलली तर संपलं. पण मी एकदा या खोलीत घाई केली होती. मी बटणावरून हात काढला आणि तिला सांगितलं. सगळं. बाबांचं, ताना जोडण्याचं, ठेक्यातल्या आवाजाचं, माझ्या ओरडण्याचं. "'हजार धागे जोडले, तुटला नाही एक,' एवढं म्हणाले आणि थांबले. पुढचं म्हणणार होते. मी म्हणू नाही दिलं गं." आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिची नजर लाल ठिपक्यावर. पाच मिनिटं तीस झाली. मग म्हणाली, "आता इथे बोललं तर त्याच्यात जाईल?" मी बघितलं, हिरवी पट्टी सपाट होती. पुन्हा सुरू झालं की माइक बंद असतो. पडद्याच्या कडेच्या यादीत जाऊन तो चालू केला. खाली कोणीतरी स्कूटरला किक मारली आणि पट्टी उडाली. "आता जाईल," मी हळूच म्हटलं.

आईने मोकळ्या हाताने पदर डोक्यावर घेतला. पाच वर्षांत तिने उखाणा घेतला नव्हता. हळदीकुंकवाला जाणंच तिने सोडलं होतं, आपल्यासारखीने आता नाव घ्यायचं नसतं म्हणायची. ती लॅपटॉपकडे झुकली, गर्दीतल्या माणसाच्या कानाशी झुकावं तशी, आणि दारात उभी असल्यासारखं, ठेक्यात, मोठ्याने म्हणाली, "गिरधररावांचं नाव घेते, निंबोल्याची लेक."

मग ती म्हणाली, "दाब आता." मी दाबलं. तो खोटा फोन यादीत आता नीट जोडलेला दिसत होता, तिथून ती फाइल ओढून पेनड्राइव्हवर घेतली, दोनदा घेतली, उघडते का बघितलं. आई विचारत होती, सोडू का पिन, बोटं दुखून राहिली. मी म्हटलं सोड, आणि जुना लॅपटॉप विझला. नव्यावर लावलं. आवाज बारीक ठेवला होता, पण बाबांना बारीक काय माहीत? "हां, तर ताना," खोलीभर झाले ते. आईचे दोन्ही हात तोंडावर गेले. चार मिनिटं बाबा गाठी मारत राहिले, 'सासू'ला एक शिवी घातली, घसा साफ केला. "हजार धागे जोडले, तुटला नाही एक..." मला माहीत होतं आता काय येणार, आणि बंद करायला मी हात उचललाही नाही. "बाबा, पुरे झालं! मीटिंग आहे माझी! कोण ऐकतंय तुमचं हे!" माझा आवाज. किती चिरका, किती जवळचा. आणि मग बाबा, कधी नव्हे ते बारीक आवाजात, "बरं बरं. राहू दे." पुढे नुसती शांतता, मिनिटभराहून जास्त. मग स्कूटरची किक, माझी कुजबूज, आणि आई, ठणठणीत.

मी खाली मान घालून बसले होते. ती आता काय म्हणेल, काहीही म्हणाली असती तरी ते मला लागू होतं. आईने डोळे पुसले, लसणाचा वास असलेला हात माझ्या पाठीवर ठेवला.

"तू पण आहेस की गं यात," ती म्हणाली. "परत लाव."